पुण्यात बाल्कनीत चाइव्ह्ज (कांद्याच्या कुळातली बारीक, हिरवी पात) लावता येतात का? थंडीत छान येतात, पण एप्रिलपासून जळायला लागतात. पातीच्या कांद्याऐवजी स्वयंपाकात चालतील का?

येतात, अगदी चांगले येतात. फक्त तुम्ही लावलेला प्रकार थंड हवेतला आहे. ऊन तापलं की त्याची वाढ थांबते आणि शेंड्याकडून पात पिवळी पडत जाते. खत वाढवून काही होत नाही, उलट मुळांना इजा होते. एप्रिल-मे दुपारचं ऊन लागणार नाही अशा जागी कुंडी ठेवा, सकाळचं ऊन पुरे. पावसाळ्यात पाण्याचा निचरा होतोय ना, तेवढं बघा.

नवीन पेरणी दिवाळीच्या सुमारास करा. कांद्याच्या कुळातलं बी फार लवकर जुनं होतं, म्हणून पाकिटावरची तारीख आधी बघा. चिमूटभर बी एकाच जागी, अर्धा सेंटीमीटर खोल टाका आणि माती ओलसर ठेवा. दोन-तीन आठवड्यांत दोऱ्यासारखी बारीक पात वर येते, आधी गुडघ्यात वाकलेली, मग सरळ होते. टोकाला बियाचं काळं टरफल अडकलेलं दिसतं. गवत समजून उपटू नका.

तरी माझं ऐकाल तर त्याच्या जोडीला गार्लिक चाइव्ह्जची एक कुंडी लावाच. याची पात चपटी असते, वास लसणाकडे झुकणारा, फुलं पांढरी. आपला उन्हाळा हा प्रकार कितीतरी चांगला सोसतो. मणिपूरमध्ये घरोघरच्या परसात हाच असतो. तिथे त्याला मरोई नाकुपी म्हणतात आणि सिंजू (तिथली तिखट कोशिंबीर), एरोंबा (उकडून कुस्करलेल्या भाज्या) यांत तो हवाच. एकदा ठोंब जमला की दोन-तीन वर्षांनी मुळांसकट फोडून वेगवेगळ्या कुंड्यांत लावायचा. बी आणायची गरजच उरत नाही.

कापताना वरचे शेंडे खुडू नका. पात बुडाकडून वाढते, त्यामुळे शेंडे खुडले तर कापलेली टोकं तशीच वाळून राहतात. धारदार कात्रीने मातीपासून दोन बोटं वर कापा आणि एका वेळी सगळा ठोंब बोडका करू नका. फुलाचा दांडा राठ असतो, तो चावला जात नाही. फुलं मात्र सुटी करून कोशिंबिरीवर घाला, छान लागतात.

पातीच्या कांद्याऐवजी म्हणाल, तर पीठ पेरून करायच्या भाजीला चाइव्ह्ज वापरू नका. त्याचा वास नाजूक, परतला की उडून जातो. गॅस बंद केल्यावर मुगाच्या खिचडीवर, उकडलेल्या बटाट्यावर, ऑम्लेटवर बारीक चिरून घाला. माझ्या मते सगळ्यात उत्तम म्हणजे घट्ट दह्यात मीठ-मिरपूड घालून कालवलेले, सोबत गरम थालीपीठ. गार्लिक चाइव्ह्ज मात्र शिजवून चालतात. अंडाभुर्जीत किंवा धिरड्याच्या पिठात घालून बघा. उरलेली पात वाळवू नका, चव जाते. चिरून डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवा.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी टांगून ठेवा. कांदा-लसणाच्या कुळातली कोणतीही पात त्यांना विषारी असते.