गजाननचा गज का झाला: देवनागरी आणि रेजेक्स

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मागून वाचणाऱ्याला घोळ नको. गटातल्या शेतकऱ्यांची यादी एक्सेलमधून पायथनमध्ये घेतली. मराठी नाव उचलायला रेजेक्समध्ये (मजकुरात नमुना शोधायच्या सूत्रात) [अ-ज्ञ]+ लिहिलं, तर 'गजानन'मधून नुसता 'गज' आला. मग बॅकस्लॅश डब्ल्यू आणि पुढे अधिक लावून पाहिलं, तर 'गज' आणि 'नन' असे दोन तुकडे पडले. पायथन ३ युनिकोडवालं (म्हणजे प्रत्येक लिपीच्या चिन्हाला ठरलेला कोड देणारी पद्धत कळणारं) असून असं काहून?

(मोबाईलवरून लिहितोय, कीबोर्ड मराठी आहे. बॅकस्लॅशवाली चिन्हं शब्दांतच सांगतो, चालवून घ्या.)

पहिली चूक मीसुद्धा केली आहे. शाळेतल्या तक्त्यावर ज्ञ शेवटी असतो, म्हणून हात आपोआप 'अ ते ज्ञ' लिहितो. पण युनिकोडात ज्ञ हे एक अक्षर नाहीच. तो आहे ज, मग पाय मोडायचं चिन्ह, मग ञ, असे तीन वेगळे कोड. चौकोनी कंसाला जोडाक्षर कळत नाही. त्याला तुमचं वाक्य दिसतं ते असं: अ पासून ज पर्यंत, शिवाय एक मोडका पाय, शिवाय ञ. झ तर मधूनच सुटला आणि ट पासून ह पर्यंतची सगळी व्यंजनं कुंपणाबाहेर राहिली. युनिकोडच्या रांगेत मराठीचं शेवटचं व्यंजन ह आहे, म्हणून [अ-ह] बरोबर. ळ आणि ऱ दोन्ही त्याच्या आतच येतात.

तरी काना बाहेरच राहतो, आणि तुमची दुसरी अडचण तीच. पायथनच्या नेहमीच्या आरई मॉड्यूलमध्ये (रेजेक्स चालवणाऱ्या भागात) बॅकस्लॅश डब्ल्यू म्हणजे अक्षर, अंक आणि अंडरस्कोर. काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, मोडका पाय यांना युनिकोड 'अक्षर' म्हणत नाही. ती 'मार्क' या वेगळ्या वर्गात आहेत, म्हणून प्रत्येक मात्रेवर शब्द तुटतो. 'हरभरा'चा होतो 'हरभर' आणि 'कापूस'चे होतात क, प, स.

तुकडे निदान दिसतात तरी. शब्दाची हद्द दाखवणारं बॅकस्लॅश बी मात्र गुपचूप फसवतं. दोन बाजूंना बॅकस्लॅश बी देऊन मधोमध 'हरभरा' ठेवा आणि 'हरभरा पेरला' या वाक्यात शोधा. सापडणार नाही! शेवटचा काना त्याच्या लेखी शब्दात मोडत नाही, पुढची मोकळी जागाही नाही, मग दोघांच्या मधे हद्द कुठली? उलट 'गाव' शोधलं की 'गावात' मधलं गावही हाती लागतं, कारण व नंतर लगेच काना आला आणि त्याला तिथे शब्द संपल्यासारखं वाटलं. एका जिनिंगच्या आवक वहीचा हिशेब मी असाच दोन दिवस चुकीचा लावत बसलो होतो.

उपाय सोपा आहे. पिपने (पायथनचे जोडभाग टाकायच्या साधनाने) रेजेक्स याच नावाचं वेगळं मॉड्यूल टाका. त्यात बॅकस्लॅश डब्ल्यू मात्रांसकट शब्द धरतं, आणि बॅकस्लॅश पी लावून महिरपी कंसात लिपीचं नाव देता येतं. वेगळं मॉड्यूल टाकायची सोय नसेल तर [ऀ-ॿ] लिहा. हा देवनागरीचा अख्खा पट्टा आहे, ०९०० ते ०९७एफ, १२८ जागा. पहिलं चिन्ह कंसाला चिकटून विचित्र दिसतं, म्हणून कोडमध्ये बॅकस्लॅश यू आणि हे आकडे (इंग्रजीत) घातलेले बरे. या पट्ट्यात दंड (। हे चिन्ह) आणि ० ते ९ हेही येतात, तेव्हा नावासाठी ते वगळा. लिपीच्या नावाने शोधलं तर दंड येत नाही. तो अनेक लिप्यांचा सामाईक म्हणून 'कॉमन'मध्ये धरला आहे.

हेच काम उद्या ब्राउझरमध्ये करायचं झालं तर जावास्क्रिप्टमध्ये बॅकस्लॅश डब्ल्यूला मराठी दिसतच नाही, यू फ्लॅग (रेजेक्सला युनिकोड चालू करायची खूण) लावला तरी. तिथे यू फ्लॅग आणि बॅकस्लॅश पीचीच वाट, २०१८ च्या आवृत्तीपासून ती आहे. जमिनीच्या गट नंबरचंही सांभाळा: पायथनचं बॅकस्लॅश डी (अंक शोधणारं) '४५' धरतं आणि इंट हे फंक्शन त्याचा आकडाही करून देतं. जावास्क्रिप्ट दोन्ही करत नाही.

आता आपल्या वऱ्हाडची खास डोकेदुखी. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. कोणी ती ऱ आणि मोडका पाय घेऊन लिहितं, तेव्हा सात कोड. कोणी साधा र, मोडका पाय आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडायचं चिन्ह) घेऊन लिहितं, पर्‍हाटी, तेव्हा आठ. पडद्यावर दोन्ही सारख्याच, पण प्रोग्रामला त्या दोन वेगळ्या पिकांसारख्या. तो जॉइनर २००डी वर बसतो, म्हणजे [ऀ-ॿ] च्याही बाहेर, त्यामुळे नाव तिथेच तुटतं. एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या तऱ्हा एकसारख्या करायच्या युनिकोडच्या रीतीने) हे सुटत नाही. ते र आणि नुक्त्याचा (खालच्या टिंबाचा) ऱ करतं, जॉइनरला हात लावत नाही. 'ॲडव्हान्स'चंही तसंच. ॲ एक कोड म्हणून २००८ मध्ये आला, त्याआधीच्या सवयीने लोक अ वर चंद्र देतात, आणि युनिकोड या दोघांना एक मानत नाही. म्हणून मी आधी एनएफसी करतो, मग र + ् + जॉइनर दिसलं की ऱ + ्, आणि अ + ॅ दिसलं की ॲ असं बदलून घेतो. उरलेसुरले जॉइनर काढतो आणि मगच रेजेक्स चालवतो.

यादी तालुक्याच्या टायपिंगवाल्याकडून आली असेल तर आधी एक सेल उघडून फॉन्ट बदलून बघा. इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला तर ती कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहे. मग आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, तोवर रेजेक्स बाजूला ठेवा.

कोड दुरुस्त झाला की गजानन, ज्ञानेश्वर, झिंगू आणि दोन्ही तऱ्हेची पऱ्हाटी एवढं टाकून बघा. काही अडलं तर बिघडलेल्या सेलचे कोड एकेक करून छापा आणि इथे टाका, स्क्रीनशॉट नको. स्क्रीनशॉटात जॉइनर दिसत नाही.