ग्लोव्हज घेण्याआधी तीन संध्याकाळी

प्रिय पोरी,

बॉक्सिंग कुठे शिकायचं याची तुझी तीन नावांची यादी मिळाली. जिल्ह्याच्या स्टेडियममधला संध्याकाळचा वर्ग, पुण्यातली आरसेवाली मोठी जिम आणि हरियाणातली होस्टेलची अकॅडमी. यातलं चांगलं कुठलं, असं विचारलंयस. सांगतो, पण आधी एक काम. जिथे जायचं म्हणतेस तिथे ग्लोव्हज न घेता तीन संध्याकाळी जा आणि भिंतीशी बस. त्यातली एक संध्याकाळ स्पारिंगची, म्हणजे दोघांनी सरावासाठी समोरासमोर खेळायची, हवी. बहुतेक ठिकाणी आठवड्यातले एक-दोन दिवस त्यासाठी ठरलेले असतात, विचारलं की सांगतात. बघायला बसूच देत नसतील तर यादीतलं एक नाव आपोआप गेलं.

स्पारिंगच्या दिवशी पोरांकडे कमी आणि सरांकडे जास्त बघ. ठरवून दिलेलं हलकं काम चालू असेल, म्हणजे एकीने फक्त जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारायचा आणि दुसरीने फक्त चुकवायचा, तर रिंगमध्ये दोन-तीन जोड्या चालतात. मोकळं स्पारिंग असेल तर एकच जोडी, आणि सर दोरीपाशी, दोघींचे चेहरे दिसतील अशा जागी. सर बाहेर फोनवर आणि आत मोकळी मारामारी, हे एकदा जरी दिसलं तरी तिथून उठ. जोडी कशी लावतात तेही बघ. वजनात तीन-चार किलोंपेक्षा जास्त फरक असेल, किंवा एक राज्य खेळलेली आणि दुसरी तीन महिन्यांची असेल, तर जड बाजूला काहीतरी बंधन घातलेलं तुझ्या कानावर पडलं पाहिजे: 'तू फक्त डावा हात चालव', 'फक्त बॉडीला, तेही हलकं'.

मग कधीतरी नवख्या पोरीच्या तोंडावर लागोपाठ दोन सरळ ठोसे बसतात. तिची हनुवटी वर जाते, डोळे मिटतात, ती मान फिरवते आणि दोन्ही हात पुढे पसरते. आता तिला काही दिसत नाहीये. कोच इथे 'स्टॉप' म्हणतो का, हे बघायलाच तुला तिथे बसवलंय. जाणता कोच थांबवतो, हेडगार्ड सरळ करतो, गमशील्ड (दातांवरचं कवच) काढून दोन श्वास घेऊ देतो आणि विचारतो, 'पहिला ठोसा कुठून आला?' मग समोरचीला फक्त जॅब देऊन तोच राउंड हळू पूर्ण करून घेतो, म्हणजे पोर घाबरलेली रिंगबाहेर पडत नाही. दुसऱ्या प्रकारचा कोच ओरडतो, 'मार, मार, घाबरते काय!' आणि भोवतालची पोरं हसतात. अशाने धीटपणा येतो असा समज आहे. प्रत्यक्षात ठोसा दिसला की डोळे मिटायची सवय हाडात मुरते आणि पुढे ती काढता काढता नाकी नऊ येतात. तालमीत वस्ताद नवख्याला आधी पडायला शिकवतो, तेवढा शहाणपणा बॉक्सिंगमध्येही असायला काय हरकत आहे?

डोक्याच्या माराबद्दल सरांना तोंडावर विचार, संकोच करू नकोस. मार बसल्यावर डोकं दुखणं, मळमळ, उजेड नकोसा होणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, यातलं एकही दिसलं तर त्या दिवशी सराव बंद आणि डॉक्टर. स्पर्धेत डोक्यावरच्या ठोशाने नॉकआउट झाला तर किमान ३० दिवस विश्रांती सक्तीची असते, आणि त्या दिवसांत स्पारिंगही करायचं नसतं. तेव्हा विचार, 'तुमच्याकडे शेवटचं कोणाला असं झालं, आणि किती दिवस बाहेर ठेवलंत?' उत्तरात दिवसांचा आकडा आला तर बरं. 'आमच्याकडे असं काही होत नाही' हे उत्तर मात्र वाईट, कारण बॉक्सिंग चालतं तिथे ते कधी ना कधी होतंच. हेडगार्डवर विसंबू नकोस. त्याने भुवई फुटायची वाचते, कान वाचतो, पण मेंदू कवटीत हलायचा तो हलतोच.

दुसरी संध्याकाळ शिकवणं बघण्यासाठी ठेव. एखाद्या पोराचा डावा हात जॅब मारून परत येताना छातीपर्यंत घसरतो. 'हात वर!' असं कोणीही ओरडेल. पोरगा चार वेळा हात वर आणतो, पाचव्यांदा पुन्हा खाली. जाणता कोच हाताकडे बघतच नाही, पायाकडे बघतो. सगळं वजन पुढच्या गुडघ्यावर सांडलेलं असतं, मागचा पाय फरफटत येतो आणि तोल सावरायला हात खाली जातो. मग तो खडूने जमिनीवर रेघ आखतो आणि पोराला रेघेच्या दोन बाजूंना पाय ठेवून उभं करतो. पुढचा पाय अर्धं पाऊल आधी, त्यासोबत जॅब, मागचा पाय तेवढंच अंतर मागून. पन्नास वेळा. हाताबद्दल एक शब्दही न बोलता हात जागेवर येतो. असं दुरुस्त करणारा माणूस दिसला तर त्याच्या भिंतीवर किती कप लावलेत याच्याशी तुला काही देणंघेणं नाही.

पॅड, म्हणजे ठोसे झेलायला कोच हातांत घालतो त्या गाद्या, त्यावरूनही बरंच कळतं. हात रुंद पसरून, टाळ्यांसारखा आवाज काढत पॅड धरणारे कोच मोबाइलवर झकास दिसतात. पॅड हवं समोरच्याची हनुवटी असेल त्या जागी, आणि ठोसा मारून तुझा गार्ड, म्हणजे चेहरा झाकणारा हात, खाली राहिला तर त्याच पॅडची टपली कानाशी बसली पाहिजे. एनआयएसचा, म्हणजे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोचिंगचा डिप्लोमा आहे का, हे विचारायला हरकत नाही. असला तर पाया पक्का असतो. पण डिप्लोमा असून खुर्चीवरून न उठणारेही आहेत.

बँडेज हा माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरा दाखला. 'बांधायला शिकवा' म्हण आणि बघ. साडेचार मीटरची पट्टी, अंगठ्यात लूप, मनगटाला तीन वेढे, मुठीच्या हाडांवरून तीन, मग बोटांच्या बेचक्यांतून, अंगठ्याला एक आणि शेवटी परत मनगट. बांधताना बोटं पसरलेली हवीत, म्हणजे मूठ वळली की पट्टी आवळते आणि उघडली की सैल होते. बोटांना मुंग्या आल्या तर सोडून पुन्हा बांध. ठोसा पहिल्या दोन बोटांच्या हाडांवर बसायला हवा. तो करंगळीकडे गेला की तिथलं हाड मोडतं, आणि नवशिक्यांचा हात बहुतेक तिथेच मोडतो. पहिल्या आठवड्यात सरांनी किंवा एखाद्या जुन्या पोरीने तुझं बँडेज स्वतः तपासलं नाही, तर तिथे बाकीचंही कोणी तपासत नसणार.

जागेबद्दल थोडक्यात. नियमाचा रिंग दोरीच्या आत ६.१० मीटर, म्हणजे साधारण वीस फूट. क्लबात तो लहान असतो, चालतं, पण फारच लहान असेल तर पाय चालवायला जागा राहत नाही आणि सगळेच समोरासमोर उभं राहून हाणामारी शिकतात. कॅनव्हासखाली काय आहे ते बोटाने दाबून बघ. पातळ चटईखाली सिमेंट असेल तर तिथे स्पारिंग नाही. पडताना डोक्याची मागची बाजू जमिनीवर आपटणं हे ठोशाहून घातक ठरू शकतं. आरसे, एसी, गाणी यांनी काही बिघडत नाही आणि काही सुधारतही नाही.

तू मुलगी आहेस म्हणून आणखी चार गोष्टी. तुझ्या वजनाच्या जवळपासच्या किमान दोन-तीन पोरी तिथे नियमित येतात का? एकटीच असशील तर सगळं स्पारिंग पोरांशी होईल, आणि ते एकतर हात राखून खेळतात किंवा मार खाल्ला की चिडतात. दोन्हींतून शिकायला कमीच मिळतं. कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी आहे का? बाहेरगावच्या स्पर्धेला पोरींबरोबर महिला व्यवस्थापक जाते का, आणि वजन कोण घेतं? पाळीच्या दिवसांत काम कमी करायचं असेल तर तसं सांगता येतं का? रात्री उशिरा एकट्या पोरीला मेसेज करणारा, 'स्पेशल प्रॅक्टिस'ला एकटीला बोलावणारा, मालिश स्वतः करतो म्हणणारा कोच कितीही मोठा असो, त्याच्याकडे जायचं नाही, आणि घरी सांगायचं. याची उत्तरं त्या पोरींकडूनच मिळतील, सरांकडून नाही. तिसरी संध्याकाळ त्यांच्याशी बोलण्यात घालव.

वजनाचं एवढं लक्षात ठेव. आपल्या, म्हणजे ऑलिंपिकच्या प्रकारच्या बॉक्सिंगमध्ये वजन बाऊटच्या (लढतीच्या) दिवशी सकाळी होतं, आणि पुढच्या बाऊटच्या सकाळी पुन्हा. पाणी तोडून, प्लास्टिकचा सूट घालून पळून दोन किलो उतरवलेस तर त्याच दिवशी सुकलेल्या अंगाने ठोसे खाशील. तुझी उंची अजून वाढतेय. या वयात जेवून-खाऊन जे भरतं तो तुझा वजनगट. 'खालच्या गटात मेडल सोपं आहे' असं पहिल्याच महिन्यात म्हणणारा कोच तुझा विचार करत नाहीये. बिनलेबलची पावडर किंवा 'ताकदीचं इंजेक्शन' निघालं तर प्रश्नच मिटला.

जन्मतारीख बदलून देतो म्हणणाराही भेटेल. वयाची वैद्यकीय तपासणी होते, पकडलं की बंदी येते आणि नाव तुझं जातं. नोकरीचा विचार असेल तर हेही ऐक: राज्य सरकारच्या भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. तेव्हा क्लब ज्या स्पर्धांना पोरं नेतो त्या मान्यताप्राप्त संघटनेच्या किंवा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या शालेय स्पर्धा आहेत ना, ते आधीच विचार. पैसे भरून मिळालेलं 'नॅशनल'चं मेडल कपाटातच शोभतं.

आता तुझी यादी. हरियाणाचं नाव उगाच झालेलं नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला गेलेल्या आपल्या पाच बॉक्सरांपैकी चार एकट्या भिवानीचे होते, त्यातल्या विजेंदरने कांस्य आणलं. तिथे तुझ्या वजनाच्या दहा पोरी एका हॉलमध्ये मिळतील, हेच तिथलं खरं बळ. पण पाया कच्चा घेऊन गेलीस तर त्या दहा जणींसाठी तू फक्त हलती बॅग. आपल्या नावाजलेल्या तीन बॉक्सर बघ. मेरी कोमची सुरुवात मणिपूरमध्येच झाली. निखत झरीन निझामाबादेत वडिलांच्या हाताखाली तयार झाली आणि मग विशाखापट्टणमला गेली. लवलीना आसामात मुए थाई (थायलंडचा लाथा-ठोशांचा खेळ) खेळत होती, तिथून गुवाहाटीच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रात आली. तिघींनीही घराजवळ सुरुवात केली आणि तिथलं शिकणं पुरेनासं झाल्यावर पुढची जागा गाठली.

म्हणून आधी स्टेडियमचा वर्ग, तीन संध्याकाळींत पास झाला तर. पहिले दहा-बारा आठवडे मोकळं स्पारिंग नको, कोणी आग्रह केला तरी. एक वर्ष, आठवड्याला पाच दिवस, शाळा सांभाळून. वर्षभरात आठ-दहा बाऊट होऊ देत, हरलीस तरी. तुझ्या वजनाच्या सगळ्या पोरींचे डाव पाठ झाले, सर जे सांगणार ते आधीच कळायला लागलं, की जागा बदलायची वेळ आली. तेव्हाही एकदम बिऱ्हाड हलवू नकोस. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर हरियाणात राहून ये. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्यांची चौकशी जिल्हा क्रीडा कार्यालयात करून ठेव, तिथे राहण्या-खाण्याचा खर्च सरकार करतं. जाताना सरांना सांगून जा, चोरून नको. चांगला कोच स्वतःच फोन करून तुझी ओळख करून देईल.

पुण्याची जिम मी शेवटी ठेवलीय. एकच प्रश्न विचार: गेल्या वर्षी इथली किती जणं जिल्हा किंवा राज्य स्पर्धेत उतरली? कोणीच नसेल तर ती व्यायामाची जागा आहे, व्यायाम चांगला होईल. आणि वर्षाची फी एकरकमी कुठेच भरू नकोस, महिन्याची भर.

खरेदी आत्ता एवढीच: बँडेजच्या दोन जोड्या, म्हणजे एक धुवायला टाकता येते, आणि गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचं गमशील्ड. लाल घेऊ नकोस, स्पर्धेत चालत नाही, कारण रक्त आलं तरी कळत नाही. स्पारिंगचे १४ औंसाचे ग्लोव्हज तीन महिन्यांनी घेऊ, तोवर क्लबचे वापर आणि ते नेहमी बँडेजवरच चढव. बघायला जाशील तेव्हा चपला दाराशी काढ, कॅनव्हासवर धूळ आलेली कोणालाच आवडत नाही. स्पारिंगचा वार कुठला ते कळव.

तुझा,
काका