8,000 पौंडांची सूट आणि बॉयलरमागचा बोर्ड

प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये 1974 सालची इमारत, खाली भाड्याने दिलेलं दुकान, वर रिकामा फ्लॅट, किंमत 3,60,000 पौंड. ॲस्बेस्टॉसची (जुन्या बांधकामात वापरलेलं, धूळ श्वासात गेली तर घातक असं तंतुमय खनिज) तपासणी न करता महिनाअखेर करार पक्का केला तर विकणारा 8,000 पौंड सोडतोय. फ्लॅटचं स्वयंपाकघर पाडून नवं करायचंय. सगळं ॲस्बेस्टॉस काढायला ठाण्यातली एफडी मोडू का?

एफडी मोडू नका आणि ही सूटही घेऊ नका.

ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली ती 1999 मध्ये. तुमची इमारत त्याआधीची, म्हणून तिच्यात ते आहे असं धरूनच हिशेब मांडायचा. पण ॲस्बेस्टॉसबाबतचे 2012 चे नियम सगळं उपटून टाका असं सांगत नाहीत. ते कुठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे याची नोंद ठेवा आणि त्याला धक्का लागू देऊ नका, असा त्यांचा रोख आहे. मागच्या गॅरेजवरचे सिमेंटचे पत्रे धड असतील तर राहू देत.

मला खटकतोय तो तुमच्या फोटोतला बॉयलरमागचा, स्क्रू मारलेला राखाडी बोर्ड. फोटोवरून काहीच ठरत नाही, नमुना प्रयोगशाळेत जायला हवा. पण तो ॲस्बेस्टॉसचा इन्सुलेटिंग (उष्णतारोधक) बोर्ड निघाला, तर काढायला बहुतेक वेळा एचएसईचा, म्हणजे कामाच्या ठिकाणची सुरक्षा पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारी संस्थेचा, परवाना असलेलाच कंत्राटदार लागतो. कामाच्या 14 दिवस आधी त्या संस्थेला सूचना द्यायची, शेवटी हवा तपासून दाखला घ्यायचा. तोवर फ्लॅटचं भाडं शून्य आणि हप्ता मात्र चालू.

विकणाऱ्याकडचा ॲस्बेस्टॉस तपासणीचा अहवाल 2007 चा, ‘टाइप 2’ आहे. त्या प्रकारात भिंती-छतं फोडून बघत नसत. तुम्ही तोडफोड करणार, म्हणजे त्या भागाचा रिफर्बिशमेंट सर्व्हे, म्हणजे कामाआधी फोडून बघणारी तपासणी, हवाच. फ्लॅट रिकामा आहे तोवर मालकाच्या परवानगीने आत्ताच करून घ्या. परवानगी मिळाली नाही, तर 8,000 पौंड कशाचे ते कळलं.

सॉलिसिटर (व्यवहार करून देणारा वकील) व्यावसायिक मालमत्तेचा घ्या. नुसते घरांचे व्यवहार करणारा इथे पुरणार नाही. त्याला आधी दुकानाचं लीज (भाडेकरार) वाचायला द्या. देखभाल-दुरुस्ती लीजने ज्याच्यावर टाकली, ॲस्बेस्टॉस सांभाळण्याची कायदेशीर जबाबदारीही त्याचीच. दुकानदाराकडे फक्त आतली दुरुस्ती असेल, तर छप्पर आणि सामायिक जिना तुमच्या गळ्यात. दुकान रिकामं झालं की तेही.

कंपनीच्या नावाने घेतलंत, तर खरेदीच्या वेळी इमारतीत असलेलं ॲस्बेस्टॉस काढण्याच्या पात्र खर्चावर कॉर्पोरेशन टॅक्समध्ये (कंपनीच्या नफ्यावरचा कर) 150 टक्के वजावट मागता येते. स्वतःच्या नावावर ही सवलत नाही. तेवढ्यासाठी कंपनी काढायला मी सांगणार नाही, कंपनीला कर्ज कोणत्या दराने मिळेल तेही बघावं लागेल. पण नाव कोणाचं हे अकाउंटंटसोबत करारापूर्वीच ठरवा.

सर्व्हे आणि काढण्याचं लेखी कोटेशन हातात आलं की मग किंमत बोला. खर्च 15,000 निघाला तर 8,000 ची सूट तोकडी आहे. 3,000 निघाला तर पूर्ण किमतीलाही व्यवहार वाईट नाही. तोवर करारावर सही नको. सहसा 10 टक्के रक्कम त्याच दिवशी भरावी लागते आणि माघार घेतली तर ती जाते.