वाचकांचे प्रश्न : बारालाचा ओलांडण्याआधी

प्रश्न (अमळनेर) : जूनअखेर आम्ही चौघे मोटारसायकलींवर मनालीहून लेहला निघतोय. पहिला मुक्काम सरचू, दुसऱ्या दिवशी लेह. चौघेही रोज व्यायाम करतो. उंचीवरच्या त्रासाची गोळी घ्यावी का?

उत्तर : गोळीचं नंतर बघू, आधी मुक्काम बदला. मनाली साधारण २०५० मीटरवर, सरचू ४२९० वर. म्हणजे एका दिवसात झोपायची जागा सव्वादोन हजार मीटर वर गेली. ३००० मीटरच्या पुढे ही वाढ रात्रीमागे ५०० मीटरपेक्षा जास्त नको. खिंडीच्या माथ्यावर पंधरा मिनिटं थांबून माणूस खाली उतरतो. त्रास होतो तो रात्री, कारण झोपेत श्वास मंदावतो आणि रक्तातला ऑक्सिजन आणखी घटतो.

त्यात सरचूची जागाच अडचणीची. दक्षिणेला बारालाचा खिंड (सुमारे ४८९० मीटर), उत्तरेला गाटा लूप्सची २१ वळणं चढून नकी ला आणि लाचुंग ला (‘ला’ म्हणजे खिंड). रात्री दोनला कोणी आजारी पडलं, तर त्याला खाली न्यायला आधी आणखी वर चढवावं लागतं.

जमत असेल तर फेरी उलटी करा. श्रीनगरहून निघून कारगिलला (सुमारे २७०० मीटर) मुक्काम, मग ४१०८ मीटरचा फोटू ला ओलांडून लेह (३५००). तिथे दोन दिवस गाडीला हात लावू नका. त्यानंतर मनालीकडे परतताना सरचूची रात्र सहसा जड जात नाही. मनालीहूनच चढायचं असेल तर वाटेतल्या जिस्पा गावाला (३२००) दोन रात्री काढा आणि पहाटे चारला निघून थेट लेह गाठा. दिवस लांबलचक होतो, पण झोप खाली मिळते.

व्यायामाचा इथे भरवसा नाही. उलट धडधाकट गडी दुखणं लपवतो, ते जास्त वाईट. डोकेदुखीसोबत मळमळ असेल तर त्या दिवशी पुढे चढू नका. शंका आली की टाचेला पंजा लावून सरळ रेघेत चालायला सांगा. झोकांडी गेली, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर उजाडायची वाट न बघता खाली उतरवा. दारू आणि झोपेची गोळी दोन्ही वर्ज्य.

आता गोळी. ॲसिटाझोलामाइड सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. नसेल तरी त्यांना विचारूनच घ्या.

प्रश्न (भुसावळ) : माझी १५० सीसीची जुनी कार्बोरेटरची गाडी आहे. वर ओढेल का?

उत्तर : ओढेल, पण रडत. ५३०० मीटरच्या टांगलांग लावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. हवा विरळ, पेट्रोल मात्र तेवढंच. म्हणून धूर काळा येतो, प्लग काजळतो आणि चढावर गाडी दम तोडते. कार्बोरेटरच्या सुईला खाचा असतील तर क्लिप एक खाच वर घ्या; सुई खाली बसते आणि पेट्रोल कमी जातं. एअर फिल्टर नवा टाका, दोन प्लग जवळ ठेवा. घरी परतल्यावर क्लिप आठवणीने जागेवर आणा. नाहीतर जळगाव-भुसावळच्या उन्हात कमी पेट्रोलावर इंजिन तापून जाम होईल. बरेच जण नेमकं हेच विसरतात.

पेट्रोलचा हिशेब वाटेतल्या तांदीच्या पंपावरच्या ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ या पाटीवरून करा. सपाटीवर ४० देणारी गाडी तिथे ३० धरा : सव्वाबारा लिटर. टाकी १२ ची असेल तर ५ लिटरचा कॅन हवाच. तो काठोकाठ भरू नका आणि वर गेल्यावर झाकण हळू फिरवा, आत दाब साठलेला असतो.

प्रश्न (साक्री) : रस्त्यावरचे नाले कधी पार करावेत?

उत्तर : सकाळी. ऊन चढलं की बर्फ वितळतो आणि पहाटे घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारनंतर गुडघ्याला लागतं. पुढची गाडी पलीकडे निघाल्याशिवाय पाण्यात शिरू नका. पहिल्या गिअरमध्ये, रेस एकसारखी ठेवून जा. मध्येच क्लच दाबला की गाडी बंद पडलीच म्हणा.

प्रश्न (चोपडा) : मुलगा जातोय. सोबत काय बांधून देऊ?

उत्तर : दुधात मळलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. डाळ-तांदूळ देऊ नका. ५००० मीटरवर पाणी ८३ अंशांनाच उकळतं, कुकर नसेल तर डाळ तासन्‌तास दडदडीत राहते. शेवेची पाकिटं फुग्यासारखी फुगतात, म्हणून शेव डब्यात भरा.