लेट्यूस: कच्चं खायचं पान आणि आपलं पाणी

थंडी तोंडावर आली की लेट्यूसची पत्रं वाढतात. गोव्यातली हॉटेलं आणि अलिबागकडची रिसॉर्टं माल मागतात, मोबाइलवर परदेशातल्या अफाट शेतांचे व्हिडिओ फिरतात आणि तेच प्रश्न पुन्हा माझ्याकडे येतात. म्हणून एकत्रच उत्तरं देतो.

ऑक्टोबरात दोनदा पेरलं, उगवलंच नाही. दुकानदार म्हणतो पाणी कमी पडलं. बियाणं खोटं असेल का? (गुहागर)

आधी उन्हाचा विचार करा. माती तीस अंशांच्या आसपास गेली की लेट्यूसचं बरंचसं बी ओलावा असूनही झोपून राहतं, आणि ऑक्टोबरच्या दुपारी आपला वाफा त्याहून जास्त तापतो. ट्रे गार सावलीत ठेवा, पेरणी संध्याकाळी करा. बी खोल पुरू नका. बऱ्याच वाणांना उगवायला उजेड लागतो, वरून चिमूटभर कोकोपीट पुरे. अमेरिकेत ॲरिझोनातल्या युमाला सप्टेंबरच्या उन्हात पेरणी होते, तिथले मोठे शेतकरीसुद्धा कोंब येईपर्यंत तुषार सिंचनाने माती गार ठेवतात. गार खोलीत ओल्या कागदावर 50 बिया घालून बघा. तिथेही उगवल्या नाहीत तर पाकीट आणि पावती घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जा.

पावसाळ्यात उघड्यावर लावू का? (राजापूर)

नाही.

व्हिडिओत यंत्र पुढे सरकतं आणि गड्डे आपोआप खोक्यात पडतात. असं यंत्र इथे मिळेल का? (लांजा)

व्हिडिओ पुन्हा नीट बघा. ते यंत्र म्हणजे शेतात चालणारं पॅकिंगचं टेबल आहे. त्याच्याबरोबर माणसं वाकून चालतात, सुरीने गड्डा कापतात, बाहेरची पानं काढतात आणि पट्ट्यावर ठेवतात. आइसबर्ग आणि रोमेन हे गड्ड्याचे लेट्यूस आजही बहुतेक हातानेच निघतात, खोकीही शेतातच भरतात, साधारण 24 गड्ड्यांची. करवतीच्या पट्ट्याने सरसकट कापतात ती कोवळी सुटी पानं. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात हंगाम संपला की हिवाळ्यात हे सगळं युमाकडे हलतं, मजूरही आणि यंत्रंही. पाच-दहा गुंठ्यांसाठी तुम्हाला चांगली सुरी आणि स्वच्छ क्रेट हवेत, एवढंच.

आम्ही पूर्ण नैसर्गिक पिकवतो. दर आठवड्याला पानांवर जीवामृत फवारतो, पाणी वहाळाचं. हॉटेलवाले धुऊनच वापरतात. तरी धोका आहे का? (कुडाळ)

आहे, आणि फवारणी आजच थांबवा. हे पत्र मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतं, कारण असंच लिहिणारे आता बरेच झाले आहेत. माठ, मुळ्याचा पाला, टाकळा, अळू हे सगळं आपण शिजवतो. लेट्यूस चुलीवर चढतच नाही. जीवामृतात ताजं शेण असतं आणि धडधाकट गाईच्या शेणातही ई. कोलाय या जंतूचा घातक प्रकार असू शकतो. 2018 मध्ये युमा भागातल्या रोमेनमुळे अमेरिकेच्या 36 राज्यांत 210 माणसं आजारी पडली, 96 जणांना इस्पितळात ठेवावं लागलं, 5 जण दगावले. तोच जंतू तिथल्या सिंचनाच्या कालव्याच्या पाण्यात सापडला, आणि कालव्याजवळ गुरांचा प्रचंड मोठा गोठा होता. लहान मुलांची मूत्रपिंडं या जंतूने निकामी होऊ शकतात.

धुण्यावर विसंबू नका. जंतू पानाच्या घड्यांत आणि कापलेल्या कडेला चिकटून राहतात. मोठे कारखाने पाण्यात क्लोरीन घालतात ते मुख्यतः एका पानाची घाण दुसऱ्याला लागू नये म्हणून. अमेरिकेतल्या सेंद्रिय नियमांनुसार मातीला टेकणारा भाग खायचा असेल, तर कच्चं शेणखत काढणीच्या किमान 120 दिवस आधी मातीत मिसळलेलं असावं लागतं. लेट्यूस दोन-अडीच महिन्यांत निघतो. म्हणजे उभ्या पिकाला ताजं शेण बसतच नाही. ‘नैसर्गिक आहे, बाधत नाही’ हे कुणाकडून तरी ऐकलेलं वाक्य माझ्यापुढे ठेवू नका.

पूर्ण कुजलेलं खत लागवडीपूर्वी घाला. ढीग 55 अंशांच्या वर 15 दिवस तापला पाहिजे आणि त्या काळात किमान पाच वेळा उलटला पाहिजे. पाणी ठिबकने द्या, पानांवर नको. विहिरीचं असेल तरी तपासा. आपला जांभा सच्छिद्र, शोषखड्ड्याचं पाणी त्यातून विहिरीपर्यंत सहज झिरपतं. नमुना जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत द्या, अहवाल येईपर्यंत माल विकू नका. घरात कुणाला रक्ताचे जुलाब झाले तर घरगुती औषध नको, थेट डॉक्टर.

देठ कापला की पांढरा चीक येतो. विषारी आहे का? (वेंगुर्ला)

नाही. पण पीक फुलाच्या दांड्यावर येऊन पान कडू लागलं असेल तर काढणीला उशीर झालाय.

एक कंपनी दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस उभारून देते, मातीविना लेट्यूस, वर्षभर माल तीच घेणार. याच आठवड्यात आगाऊ रक्कम भरली तर सूट आहे. (दापोली)

भरू नका. ‘याच आठवड्यात’ म्हणणाऱ्याला तुम्ही कागद वाचलेले नको असतात. मातीऐवजी मुळं ज्यात वाढतात ते नळ्यांतलं पाणी एप्रिल-मेमध्ये तापतं, मुळं कुजतात, आणि आपल्या दमट हवेत पंखे व ओल्या जाळीने गारवा फारसा येत नाही. पाणी गार करायचं यंत्र आणि त्याचं वीजबिल त्यांच्या हिशेबात दाखवलंय का? 3 जून 2020 चं निसर्ग वादळ तुम्ही दापोलीकरांनी बघितलंय, सांगाडा किती वाऱ्याला टिकेल ते लेखी घ्या. दर काय, माल नाकारायचा अधिकार कुणाचा, कंपनी बंद पडली तर काय, हे करारात नसेल तर ‘आम्हीच घेऊ’ला अर्थ नाही. करार वकिलाला दाखवा, आराखडा कृषी विद्यापीठात न्या. तुमच्या गावातच आहे ते.

पहाटे काढलेला माल पणजीला पोचेपर्यंत मलूल होतो, आणि पानांच्या शिरेवर तपकिरी ठिपके येतात. कुठलं औषध मारू? (सावंतवाडी)

टेम्पो कधी निघतो ते तुम्ही लिहिलं नाही, पण दुपारी निघत असणार. मोठ्या शेतांवर खोकी थेट निर्वात कक्षात जातात. हवेचा दाब इतका उतरवतात की पानातलं पाणी गारठ्यातही वाफ होऊन निघतं आणि अर्ध्या तासाच्या आसपास माल शून्य अंशाजवळ येतो. पुढेही तो त्याच थंडीत राहतो. आपल्याकडे ते नाही, म्हणून उजाडायच्या आत कापा, क्रेट उन्हात क्षणभरही ठेवू नका, बंद पेटीत बर्फ पानांना न लागेल असा ठेवा आणि आठच्या आत गाडी हलवा. त्याच टेम्पोत पिकलेली केळी किंवा पपई जाते का? पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने असेच ठिपके येतात. औषध मारू नका. दोन फेऱ्या फळांशिवाय पाठवून बघा, तरी ठिपके राहिले तर ताजं पान घेऊन किर्लोसच्या कृषी विज्ञान केंद्रात जा.