आजारांची क्रियापदं

इंग्रजी आरोग्यपत्रकाच्या मराठी भाषांतराचा तुझा मसुदा वाचला. चूक अशी काही नाही, पण 'डिसीज' दिसला की 'रोग' ठोकायची सवय सोड. रोग हा निदानाच्या कागदावरचा शब्द: क्षयरोग, हत्तीरोग. घरात माणसाला 'आजार' असतो, नाहीतर 'दुखणं'. 'आजी, तुम्हाला काय रोग आहे?' असं मी नवखेपणी विचारलं होतं. 'रोग असेल तुला,' म्हणाली आणि पदर सावरत उठली! 'व्याधी' तशी पुस्तकी, पण मूळव्याधीत ठाण मांडून बसलीय.

खरी गंमत क्रियापदांत. ताप येतो, चढतो, उतरतो. पोर तापाने फणफणतं. सर्दी होते, घसा बसतो, सांधे धरतात, गोवर निघतो, नागीण उठते. तू लिहिलंयस 'डोळ्यांचा संसर्ग झाल्यास'. त्याऐवजी 'डोळे आले तर' लिही. ते ऐकताच शेजारीण चार हात लांब सरकते.

'उपचारास विलंब टाळावा' काढून टाक, 'दुखणं अंगावर काढू नका' घाल. लक्षणांत 'कणकण' हवीच. थर्मामीटरवर ताप दिसत नाही, तरी बाई सांगते, 'अंगात कसकस आहे.'

'महारोग' मात्र कुठेही नको. लोकांनी त्याची शिवी केलीय, 'कुष्ठरोग' लिही. आणि लसीकरणाच्या इतिहासात 'देवी' शब्दापुढे 'रोग' जोड, इथे तो चालेल. जगातून देवीचं उच्चाटन झाल्याचं १९८० साली जाहीर झालं; आजची पोरं 'गावात देवी आल्या' वाचून नवरात्र समजतात.