मिरीचं तेल पहिल्यांदा हाताळताय? मग हे वाचा

तेल तिखट नाही म्हणून बाटली भेसळीची, असं लगेच ठरवू नका. मीही सुरुवातीला हीच चूक केली होती! मिरीचा तिखटपणा पायपरिनचा, आणि ते वाफेबरोबर उडत नाही. ऊर्ध्वपातन (वाफेने तेल काढणं) झालं की ते चोथ्यातच राहतं. तेलात उतरतो तो फक्त वास: लिमोनीन, पायनीन, सॅबिनीन, कॅरीन आणि जडसर, लाकडी गंधाचं बीटा-कॅरिओफायलीन. कागदाच्या पट्टीवर एक थेंब टाकून बघा. आधी लिंबू-देवदारासारखा हलका वास येतो, तासाभराने मागे उरतो तो कॅरिओफायलीनचा.

औषधी गुणांची चर्चा याच कॅरिओफायलीनमुळे आहे. ते शरीरातल्या सीबी२ ग्राहकांना (पेशींवरचे रेणू, ज्यांना गांजातले घटकही चिकटतात) चिकटतं, हे 2008 साली दाखवलं गेलं. गांजासारखी नशा मात्र येत नाही. पण प्रयोगांत प्राण्यांमध्ये सूज कमी झाली म्हणजे तुमचा गुडघा बरा होईलच, असं नाही. मी स्वतः दुखऱ्या स्नायूंना चोळण्यापलीकडे जात नाही. ऊब छान वाटते, बस.

10 मिली तिळाच्या तेलात दोन ते चार थेंब पुरे. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. पोटात घेऊ नका, डोळ्यांजवळ नको, लहान मुलांपासून लांब. आणि जुनी, अर्धी रिकामी बाटली टाकून द्या: हवेने लिमोनीन बिघडलं की त्वचेवर पुरळ उठू शकतं.